तुळशीच्या कुंडीतला निवडुंग

इथे आखातात, रिग्गईच्या फ्लॅटमधली माझी तुळस दर उन्हाळ्यात करपून जायची. एका वर्षी वैतागून मी सुलैबियाच्या एका नर्सरीतून निवडुंग आणला आणि तिच्या कुंडीत लावला. बिनकाट्यांचा, लाडवाएवढा, अंगावर पांढऱ्या लोकरीचे ठिपके. संध्याकाळी त्याच्यापुढेच दिवा लावायला लागले. रिकामी कुंडी बघवत नव्हती, बाकी काही नाही.

नवरा पेट्रोकेमिकलच्या लॅबमध्ये केमिस्ट. देवधर्माशी त्याला काही देणंघेणं नाही. एकदा इंटरनेटवर त्याला हाच निवडुंग दिसला आणि त्याने घाबरून मला हाक मारली. तो पेयोटी होता. त्यात मेस्कलिन असतं, नशा आणणारं. त्याने कागदावर त्याचा रेणू काढून दाखवला. "मेंदूतल्या रसायनांसारखाच दिसतो, म्हणून मेंदू फसतो," म्हणाला. मेक्सिकोतले काही आदिवासी त्याला देव मानतात, कापण्याआधी त्याची क्षमा मागतात, हेही त्यानेच वाचून दाखवलं. मी म्हटलं, आम्हीही तुळशीला विचारूनच पान तोडतो.

तरी तो घरात ठेवणं शक्य नव्हतं. पोलीस आले तर त्यांना त्याच्यापुढच्या दिव्याचं काय सांगणार? टाकून देण्याआधी मी त्याच्यावर अक्षता वाहिल्या आणि गणपती उठवताना म्हणतो तसं सवयीने म्हटलं, "पुनरागमनाय च."

"अगं, याला परत नको बोलावूस," नवरा म्हणाला.

मग रिकाम्या झालेल्या कुंडीतली माती बोटांनी सारखी करत त्यानेच हळूच विचारलं, "आता संध्याकाळी दिवा कुठे लावशील?"