अक्का, तंगी आणि माझी आखूड पट्टी

काळ्या वाळूत तो दोन्ही हातांची दोन-दोन बोटं रोवायचा. उजव्या हाताची पुढं, डाव्या हाताची मागं. झाली गाडीची चार चाकं. मग ती चाकं वळवायचा, वाळूत चार चाकोऱ्या उमटायच्या, आणि मी नीट बघायच्या आत म्हणायचा, "तुमास्नी न्हाय कळलं. पुसा."

पुसायचं मी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, पर्समध्ये मोजमापाचा व्हर्निअर, पायात सेफ्टी शूज आणि अंगावर इस्त्रीची साडी, अशी मी.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी इन्स्पेक्शनला लागले होते. तो तिथं पॅटर्न करायचा. म्हणजे लोखंडाची जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, ठसा उठतो, ठशात रस ओतायचा. वयानं माझ्या वडिलांएवढा, मूळचा कर्नाटकाच्या हद्दीकडचा, राहायला हातकणंगल्यात. समोर मी त्याला 'मिस्त्री' म्हणायचे. मनात मात्र कधी अहोजाहो केलं नाही, आणि आता नातवंडं झाल्यावर ढोंग कशाला करू? तो मला 'कागदवाल्या बाई' म्हणायचा. 'कागद' हा शब्द तो असा उच्चारायचा, की समोरचा माणूस चुलीत घालायच्या लायकीचा वाटावा.

पहिल्याच आठवड्यात मी माझ्या नव्याकोऱ्या स्टीलच्या पट्टीनं त्याचे पॅटर्न मोजले. सगळेच्या सगळे मापापेक्षा मोठे! मला उकळ्या फुटल्या. प्रत्येकावर तांबड्या खडूनं फुली मारली आणि मालकांना हाताला धरून आणावं तसं आणलं. तो स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

"मालक, ह्यास्नी सांगा की. लोखंड निवताना आकसतंय. म्हणून आमची पट्टीच जरा लांब असती." त्यानं आपली लाकडी पट्टी माझ्या पट्टीला लावून धरली. "बाईंची पट्टी आखूड हाय."

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते हो! पण उत्तरपत्रिकेतलं लोखंड आकसतं तसं शिरोलीतलंही आकसत असेल, हे काही सुचलं नव्हतं. भट्टीवरची माणसं आठवडाभर हसली. चहावाला अर्धाच कप भरून म्हणायचा, "निवला की एवढाच हुतोय, ताई."

तिथून वैर जुंपलं. मी त्याच्या टेबलावरचा भुसा बोटानं पुसून मालकांना दाखवायचे. त्याचं ते स्टूल एका पायानं अधू होतं. त्या पायाखाली त्यानं लाकडाची एक चकती बसवली होती. मी टेकायला गेले, की पायाच्या अंगठ्यानं तो हळूच चकती सरकवायचा. मी डुगडुगले की इतका गंभीर चेहरा करायचा, की तुम्ही असता तर तुम्हाला वाटलं असतं, घरात कुणी आजारी आहे.

आमच्याकडं दोन जीपगाड्यांची हाउसिंगं ओतली जायची. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना जिथून वाटली जाते, त्या पेटीची ही लोखंडी कवचं. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, पण दोन वेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या. त्यानं त्यांना नावं ठेवली होती अक्का आणि तंगी. कानडीत थोरली नि धाकटी बहीण. बाहेरून दोन्ही कवचं सारखी. तंगीचं पोट तेवढं अर्धं बोट पुढं.

"अक्का रस्त्यावर दोन चाकांवर चालती," तो वाळूत बोटं रोवून सांगायचा. "चिखलात लिव्हर वढला की चारावर. मग पुढची-मागची एकमेकास्नी जखडली. आता वळवा. पुढच्या चाकास्नी वाट जास्त हाय का न्हाय? चिखलात चाक घसरून भागवतंय. डांबरावर कुठलं घसरतंय? भांडत्यात आतल्या आत. तंगीचं तसं न्हाय. ती सदा चारावर. तिच्या पोटात एक जादा डिफरन्शियल हाय, पुढच्या-मागच्यांचा हिशेब तिथल्या तिथं मिटवतंय. म्हणून पोट मोठं. कळलं?"

"कळलं."

"न्हाय कळलं. पुसा."

आणि खरंच कळलं नव्हतं. मी बोटं बघतच नव्हते, याला धडा कधी शिकवते हेच मनात.

संधी मिळाली. मी मालकांना कागदावर काढून दाखवलं: दोन बहिणी, बाहेरची मापं सारखी, मग पॅटर्न दोन कशाला? दोन्ही जुने कापून एकच करायचा, अक्काच्या अंगाचा. आतली पोकळी ज्या वाळूच्या गोळ्यानं होते, तो कोअर तेवढा बदलायचा. मालक खूश. त्याला बोलावलं.

तो म्हणाला, "तंगीचं पोट अक्काच्या कातड्यात घालाय लागलाय. भिंत पातळ हुईल."

"मिस्त्री, एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही."

"लिहून द्या."

मी हसले. पण लेखी हुकूम तर आधीच माझ्या सहीनं निघाला होता. त्यानं आठ दिवसांत पॅटर्न करून दिला. मला वाटलं, जिंकले.

तंगीची पहिली लॉरी गेली आणि तशीच परत आली. मशीनवर आतून कातताना भिंती फुटून आरपार भोकं पडली होती. अंगणात ढीग लागला. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुणाचं काम हे?"

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी म्हणाले, "पॅटर्नमध्ये माप चुकलं असणार."

एवढंच एक वाक्य. अठ्ठावीस वर्षांची घोडी होते, अजाण पोर नव्हते.

मला वाटलं, आता तो माझ्या सहीचा हुकुमाचा कागद काढणार. त्यानं काढला नाही. "व्हय. लाकूड माझंच हाय," म्हणाला. पॅटर्नरूमची किल्ली टेबलावर ठेवली, हत्यारं पोत्यात भरली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती किल्ली घेऊन मी खोली उघडली. मागच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेले दोन पॅटर्न. अक्का आणि तंगी. अखंड! माझ्या हुकुमाचा पॅटर्न त्यानं कोऱ्या लाकडातून केला होता, जुन्यांना करवत लावलीच नव्हती. काम त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं. मालक म्हणाले, "बरं झालं, तुम्ही जपून ठेवलेत." मी 'नाही' म्हटलं नाही.

दोन महिने ते पोटात घेऊन वावरले. मग एका रविवारी मंगळवार पेठेतल्या घरून निघून, रेल्वेनं हातकणंगल्याला गेले. तो दारात चौकट रंधत बसला होता. पायाशी भुशाचा थर.

"पाणी प्या आणि जावा," तो म्हणाला.

"मी मालकांना खरं सांगणार आहे, मिस्त्री."

"सांगा न्हाय तर नगा."

"ते पॅटर्न तुम्ही कापले नाहीत. फौंड्री वाचली."

"फौंड्रीसाठी न्हाय ठेवले. तुमच्यासाठी तर न्हायच न्हाय. त्या दोघींसाठी ठेवले."

मी खाली बसले. भुशात बोटं रोवली, दोन पुढं, दोन मागं, आणि वळवली. पुढच्या चाकोऱ्या बाहेरून गेल्या. मग पुढच्या-मागच्यांच्या मधोमध भुशावर एक गोल काढला. तंगीचं पोट.

त्यानं रंधा थांबवला.

"आता कळलं," म्हणाला. आणि पायानं सगळं पुसून टाकलं. "तुम्ही जितं असाल तितं मी येणार न्हाय."

सोमवारी मालकांना सांगितलं. शिव्या खाल्ल्या. नोकरीवरून मात्र त्यांनी काढलं नाही, कारण ड्रॉइंग वाचणारी मीच उरले होते. त्यांनी हातकणंगल्याला माणूस धाडला. माणूस एकटाच परत आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती लांब पट्टी. निरोप होता: "बाईंस्नी द्या. त्यांची आखूड हाय."

म्हणजे बघा, रस्ता सरळ होता. मी राजीनामा दिला असता, तर तो आला असता. आठ दिवस मी राजीनाम्याचा मसुदा सुवाच्य अक्षरात लिहीत होते. नववा दिवस उजाडला आणि मी कामावर गेले. मग वर्षानुवर्षं जातच राहिले. काही वर्षांनी तो वारल्याचं कळलं, तेव्हाही मी कामावरच होते. मातीला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

पुढं पॅटर्नरूम माझ्याकडंच आली. त्याचं स्टूलही. पहिल्या दिवशी टेकले ती जोरात डुगडुगले. वाकून बघितलं. जाताना पठ्ठ्यानं पायाखालची चकतीसुद्धा नेली होती.

दुसरी करून घेणं अवघड नव्हतं. खोलीभर लाकडाचे तुकडे पडलेले असायचे. निवृत्त होईपर्यंत मी त्या स्टुलावर तशीच डुगडुगत बसले.