जाळून काढलेलं हसू

प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर एक तरुणी तापलेल्या पेनाने मोबाईलच्या लाकडी कव्हरवर चेहरा जाळून काढत होती. समोर साठीचे एक गृहस्थ वारलेल्या बायकोचा फोटो धरून उभे होते.

"जरा हसरी करा," ते म्हणाले.

"फोटोत नाही हसत त्या, काका."

"हसायचीच नाही ती कधी. माझ्याकडे बघून तर नाहीच. आता तरी हसू दे."

तिने ओठांची टोकं वर वळवली. बारीकसा धूर निघाला. लाकूड आणि आग त्या बाईंना नवी नव्हती. नवं होतं ते हसू.

मला त्या गृहस्थांचा राग आला, पण कुठल्या तोंडाने रागावणार? आमच्या सासूबाईही भिंतीवर गेल्यावरच प्रेमळ झाल्या. जिवंत माणूस तोंड फिरवून बसू शकतो. मेलेल्याला तेवढीही सोय नसते.

"आत्ता कशी शोभतेय!" गृहस्थ खूश झाले. त्यांनी कव्हर फोनला चढवलं, फोन पँटच्या मागच्या खिशात सारला आणि शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसले.