आईच्या कद्दीशला नऊच जण

आज आईचा सातवा दिवस. कद्दीश म्हणता आला नाही. मन लागत नाही म्हणून इथे लिहितोय.

आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मृतासाठीच्या या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. मुलुंडच्या घरी आम्ही नऊ होतो. दहावा सुरेश, अलिबागजवळच्या गावातून आलेला. त्याच्या पणजोबांनी गावात एकटं पडू नये म्हणून ज्यू असल्याचं लपवलं होतं. तिथल्या काही घरांत आता पुन्हा शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागतात. ते लावायला आईने शिकवलं.

मोठे काका म्हणाले, "ह्याला धरता येणार नाही रे."

"काका, आईनेच शिकवलंय त्याला."

"तीन पिढ्या सगळं सोडलेलं. आता शिकवून कोणी ज्यू होतो का?"

सुरेश हळूच म्हणाला, "राहू दे दादा. मावशींच्या घरात वाद नको." तो बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. दुसरं कोणी मिळालं नाही.

नंतर गूळ-पोह्यांचा मलिदा वाटला. त्यातला नारळ सुरेशच्या वाडीतला होता. सगळ्यांनी खाल्ला, काकांनीही. सुरेशची वाटी मी जिन्यात नेऊन दिली.

आई असती तर तिने काय केलं असतं? तुम्ही काय केलं असतं?