आवळ्याला पाणी

धारच्या बायकांच्या दवाखान्यात सीताबाईंची नेमणूक होती बाटल्या धुण्यासाठी. पण दार उघडलं की पहिल्या दिसायच्या त्याच. ठेंगण्या, सावळ्या, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला आणि हातात पाण्याचा तांब्या. आलेल्या बाईला काय होतंय हे डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा विचारतील, सीताबाईंचा प्रश्न ठरलेला, "सकाळपासून पाणी किती प्यायलीस गं?"

माहेर त्यांचं देवासकडच्या टोंकखुर्दचं. नवरा मानाजी धारच्या पागेत घोड्यांची निगा राखायचा. प्लेगच्या साथीत तो गेला आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना ठेवून घेतलं. बोलणं असं, की वाक्य मराठीत निघायचं आणि माळवीत जाऊन पोचायचं. "आमच्या देवासात रस्त्याच्या या अंगाला एक महाराज, त्या अंगाला दुसरे. मधून चालणाऱ्यानं मुजरा कुणीकडे करायचा, बताव भला," असं म्हणून त्या रडणाऱ्या बाईला हसवत, आणि ती हसली की कडू औषधाचा पेला पुढे करत.

लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. तीन वर्षं बाकावरच्या बायका बघून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. लघवीची आग, ओटीपोटात कळ, घडीघडीला जावंसं वाटणं आणि गेलं तर चार थेंब, म्हणजे आपल्याकडे जिला उन्हाळी लागणं म्हणतात ती तक्रार घेऊन शेतावरच्या बायका कमी येत आणि मोठ्या घरच्या सुना जास्त. असं का, हे मात्र उमगत नव्हतं.

ते उमगलं रुक्मिणीमुळे.

रुक्मिणी ही दरबारातले दफ्तरदार यशवंतराव यांची सून. माहेर देवासचं, वय सतरा. सन १९०६ च्या ऐन थंडीत ती चौथ्यांदा दवाखान्यात आली, तीही पडदा लावलेल्या दमणीतून, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून. हुडहुडी भरून ताप, कंबरेच्या वर उजव्या कुशीत ठणका, आणि चौथा महिना. आदल्या वर्षी असाच ताप येऊन पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली. दिवा धरायला सीताबाई. नळीतलं पाणी ताकासारखं गढूळ झालं.

"पू आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आग खालून वर मूत्रपिंडापर्यंत चढलीय. औषध देते, उतार पडेल. पण उलटली, तर हे मूलही राहायचं नाही. आणि पोरीचंही सांगता येत नाही."

तेव्हा आजच्यासारखी जंतू मारणारी खात्रीची औषधं नव्हती. क्षाराचं मिक्श्चर, जवाचं पाणी, अंथरूण आणि देवाची मर्जी, इतकंच. आठवड्यानं ताप निघाला. रुक्मिणीला घरी नेताना तिच्या सासूनं, म्हणजे जीजींनी, विचारलं, "आता पुन्हा नाही ना होणार?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी भरपूर प्यायला द्या, आणि लघवी तुंबवून ठेवू देऊ नका."

"घरात विहीर आहे हो. पाण्याला कोण नको म्हणतंय तिला?"

कुणी नको म्हणत नव्हतं, तरी पोरगी चारदा आजारी पडली होती. सीताबाईंच्या डोक्यातून हे जाईना. दुसऱ्याच दिवशी जवाच्या पाण्याची बाटली पोचवायचं निमित्त करून त्या दफ्तरदारांच्या घरी गेल्या.

माजघरात रुक्मिणी पडून होती. उशाशी तांब्या भरलेला, जसाच्या तसा.

"वैनीबाई, पाणी का हो पीत नाही?"

"प्यायलं की जावं लागतं. गेलं की आग होते."

"आता आग आहे?"

"नाही."

"मग?"

रुक्मिणीनं तोंड भिंतीकडे वळवलं. सीताबाईंनी मग विचारायचंच सोडलं. "चला, मला तुमचं परस दाखवा," म्हणाल्या, आणि तिला धरून मागच्या दारापर्यंत आणलं.

न्हाणी, पायखाना सगळं परसात, विहिरीच्या पलीकडे. तिथं जायची वाट मागच्या ओसरीवरून. आणि ओसरीवर खुद्द यशवंतराव, तक्क्याला टेकून, समोर कारकून, दोन कास्तकार आणि कागदांचा ढीग. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली, आणि उत्तरेचा उजेड चांगला म्हणून त्यांनी बैठक पुढच्या खोलीतून इथं आणली होती. सकाळी आठाला बसत ते दिवेलागणीला उठत.

त्यांच्यासमोरून हातात टमरेल घेऊन जाणं म्हणजे कुठं निघालो याची दवंडीच. जीजींचं वय झालेलं, त्या जात. सून कशी जाणार? ती पहाटे उजाडायच्या आत जाऊन येई, पुढची खेप थेट रात्री. मधले बारा तास तिनं तहानेवर काढायला शिकून घेतलं होतं. बैठक मागे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि दुखणंही दोनच वर्षांचं होतं.

"अस्सं," सीताबाई म्हणाल्या. "आमच्या टोंकखुर्दात बाईला खायला नसेल, पण ज्वारीचा आडोसा तरी आहे. तुमच्याकडे चार अंगांना भिंती, आणि आडोसा म्हणून नाही."

रुक्मिणी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सीताबाई, मागचं गेलं तेव्हा सगळे म्हणाले नशीब. मला माहीत होतं. पण हे बोलायचं कुणाला?"

जीजींना सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई गं. नि माझ्या लक्षात येऊ नये? पण यांना सांगायचं कसं? तीस वर्षांच्या संसारात असलं अक्षर आमच्या दोघांत निघालेलं नाही. बैठक हलवा म्हटलं तर का म्हणून विचारतील. दफ्तरदार आहेत, कारणावाचून कागद पुढे सरकवत नाहीत."

सीताबाई परसाकडे बघत राहिल्या. विहिरीपलीकडे आवळ्याचं रोप होतं, कंबरेइतकं.

"जीजी, व्रत सांगा."

"कसलं?"

"आवळ्याला दिवसातून पाच वेळा पाणी. गर्भारणीनं स्वतः घालायचं. आणि दर खेपेला आधी आपण पेलाभर प्यायचं, मग झाडाला. टमरेल न्यायचंच नाही, ते तिकडेच राहू दे, रांजण भरून. हातात लखलखीत तांब्या असला तर कुठं निघाली म्हणून कोण विचारतंय?"

"शास्त्रात आहे का असं?"

"शास्त्राचं मला काय ठाऊक? गर्भारणीचं मन राखावं इतकं तर असेल."

जीजींना हसू आवरेना. "डांबरट आहेस."

जाण्याआधी सीताबाईंनी रुक्मिणीला डॉक्टरीणबाईंकडून शिकलेलं सगळं कानात सांगितलं. धुताना पुढून मागे धुवायचं, मागून पुढे कधी नाही. महिन्याची फडकी पुढंमागं लागतील तेव्हा अंधाऱ्या कोपऱ्यात दडपायची नाहीत, वर दुसरं लुगडं टाकावं पण उन्हातच वाळवावी. नवऱ्याच्या खोलीतून आल्यावर आधी जाऊन यायचं, मग निजायचं. हे ऐकून रुक्मिणीनं तोंड पदरात लपवलं. "लपवा," सीताबाई म्हणाल्या, "पण ध्यानात ठेवा."

व्रत सुरू झालं. पहिल्या दिवशी यशवंतरावांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय नवीन?"

"आवळ्याचं व्रत आहे," जीजी दारातून म्हणाल्या.

"हं," ते म्हणाले आणि कागदात शिरले.

सीताबाई रोज दवाखाना सुटला की यायच्या. सुनेला काही विचारायच्या नाहीत. थेट परसात जाऊन आवळ्याच्या बुडाशी बोट खुपसून बघायच्या. माती ओली दिसली की त्याच पावली परत.

अकराव्या दिवशी माती कोरडी निघाली.

राजगढकडचे जमीनदार बळवंतराव आपल्या वादासाठी आठ माणसं घेऊन आले होते. ओसरी भरली, पायरीवरही माणसं. रुक्मिणी तांब्या घेऊन दोनदा दारापर्यंत आली आणि दोनदा मागे फिरली. संध्याकाळी ओटीपोटात पुन्हा ती ओळखीची कळ उठली होती.

सीताबाईंचा आवाज चढला. "मूल हवंय की माणसांची भीड? दोन्ही मिळायचं नाही, वैनीबाई."

"उद्याही ते येणार आहेत," रुक्मिणी इतकंच म्हणाली. रात्र होईस्तोवर जीजींनी तिला धने भिजवलेलं पाणी वाटीवाटीनं पाजलं.

दुसऱ्या दिवशी सीताबाई मुद्दाम सकाळीच आल्या. आज जे होईल ते होईल, आपणच रावसाहेबांपुढे उभं राहायचं, फार तर हाकलतील, असा मनाशी निश्चय करून. येऊन बघतात तो ओसरी रिकामी. तक्के नाहीत, कागद नाहीत. गडी शेवटची सतरंजी गुंडाळत होता.

"काईं हुयो, भिया?" सीताबाईंनी त्याला विचारलं.

"मालिकने कह्यो कि बैठक आगे लगाव."

यशवंतराव पुढच्या खोलीत, खिडकीशी, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. तिथं उजेड कमी होता. बळवंतरावांनी विचारलंच, "दफ्तरदारसाहेब, आज इकडे? मागं हवा छान येत होती."

"काल आवळ्याची माती कोरडी राहिली," यशवंतराव मान वर न करता म्हणाले. "घरच्या व्रतात आमची अडचण होते. हां, तुमचा नकाशा दाखवा."

दाराआड सीताबाई आणि जीजी एकमेकींकडे बघत राहिल्या. यशवंतरावांनी माती कधी बघितली, आणि किती दिवसांपासून बघत होते, हे जीजींनी त्यांना जन्मात विचारलं नाही.

कळ दोन दिवसांत उतरली. आषाढात रुक्मिणीला मुलगी झाली, कमल. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही असं सुईणीनं बजावलं, तेव्हा जीजींनी स्वतः उठून पेला भरला.

यशवंतरावांनी मग जन्मभर पुढच्याच खोलीत काम केलं. डोळे आणखी अधू झाले. आवळा मात्र असा फोफावला, की दर थंडीत शेजारीपाजारी मोरावळ्यासाठी टोपल्या घेऊन येत. त्या आळीत कुणाची नवी सून मलूल दिसली, तर म्हाताऱ्या विचारायच्या, "आवळ्याला पाणी घालते ना?" आणि सगळ्या बायकांना कळायचं काय विचारलंय ते.

कमल सोळा वर्षांची झाली तेव्हा देवासचं स्थळ आलं. मुलाचे वडील पुढच्या खोलीत बसले होते. शिक्षण, नोकरी, कुळ सगळं बोलून झालं. सीताबाई तेव्हा पिकल्या होत्या, दात गेले होते, पण कार्याला त्यांच्यावाचून घरचं पान हलत नसे. त्या जीजींशेजारी दाराआड बसलेल्या.

"आमचं काही विचारायचं राहिलं का?" पाहुणे म्हणाले.

यशवंतरावांना आता समोरचं माणूस धूसर दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला.

"एकच. तुमच्या परसात आवळा आहे का?"

"नाही बुवा. का?"

"लावून घ्या," यशवंतराव म्हणाले. "आणि तिथं जायची वाट बैठकीवरून नसावी."

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण मोठ्या माणसाचा शब्द म्हणून त्यांनी मान डोलावली. दाराआड सीताबाईंनी पदर तोंडाशी धरला, आणि शेजारी ठेवलेला पेला उचलून जीजींच्या हातात दिला.

"प्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून प्यायला नाहीत तुम्ही."