भिंतीवरची लाल रेघ

भीमेकाठच्या आमच्या जुन्या आळीचा इतिहास आपल्यालाच ठाऊक, अशी माझ्या घरमालकांची फुशारकी. पाहुणा दिसला की ते भिंतीवरच्या लाल रेघेला काठी टेकवतात. "हितवर महापूर आलता. मी छातीएवढ्या पाण्यात हुबा हुतो की!" रेघ त्यांच्या डोक्याच्याही वर आहे. दर दिवाळीला ते भिंतीला चुना देतात आणि रेघ चार बोटं वर ओढतात.

आठवीत शाळा सोडून मी गोंदियाहून इथे आलो, तेव्हा एकही कागद न मागता त्यांनी मला खालची खोली दिली. ते उपकार मी विसरत नाही. पण तेव्हा म्हणाले होते, "पाणी? हितं कधीच येत न्हाय."

परवा धरणातून पाणी सोडल्याचं सांगत भोंग्याची रिक्षा फिरली. मी घरमालकांकडे धावलो. "काका, खरं पाणी कुठवर आलं होतं?"

"खरी रेघ चुन्याखाली गेली की रं," म्हणत ते खिळ्याने भिंत खरवडायला बसले. मी ट्रंक आवरेपर्यंत चार थर निघाले. प्रत्येक थराखाली एक रेघ होती, आणि प्रत्येक त्यांनीच ओढलेली.