रुख्माबाईच्या नावाची गोळी

कामठ्याच्या त्या गल्लीत रुख्माबाई रहांगडालेला थायरॉईड आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. फक्त रुख्माबाईला थायरॉईड नव्हता, एवढीच त्यात खोट होती.

बाई कशी, तर चिंचेच्या फोकासारखी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत एकदा बांधीच्या चिखलात उतरली की न्याहारीपर्यंत कंबर सरळ करायची नाही, आणि बांधीभर बायांची टिंगल करत पुढे सरकायची. भिंतीपलीकडची प्रेमिला तिला तांदूळ निवडता निवडता छेडायची, "अवो बाई, थायरॉईडनं लोकं फुगून राहिले. तू काऊन सुकून राहिली?"

"मले उलटा झाला," रुख्मा म्हणायची आणि हंडा उचलून घरात पळायची.

घरात खाटेवर असायचा तिचा नवरा, चैतराम. दिवाळीनंतर आसपासच्या गावांत मंडईची जत्रा भरायची, ती चैतरामच्या आवाजावर. हातात भोंग्याचा माईक आला की हा माणूस हरवलेल्या पोराचं वर्णन असं करायचा की आईच्या आधी जिलेबीवाला पोर घेऊन हजर. तोच आवाज दोन वर्षांपूर्वी पोतं फरफटत न्यावं तसा झाला. तोंड सुजलं. वाक्य अर्ध्यात थांबायचं आणि उरलेलं सापडायचं नाही. भर वैशाखात चादर लागू लागली.

तेव्हा तो एकटाच गोंदियाला खासगी डॉक्टरकडे गेला होता. रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. बाहेर बाकावर अकरा बाया आणि हा एकटा गडी. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "तुमची बाई कुठं गेली, भाऊ?"

"येऊन राहिली," चैतराम म्हणाला.

एवढ्या दोन शब्दांवर पुढची दोन वर्षं उभी राहिली.

गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची होती. दोन महिन्यांनी रक्त दाखवा, मग वाढवू, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. गोळीनं थोडं बरं वाटलं, चैतरामनं कागद चुलीत घातला आणि बायकोला म्हणाला, "ही बायांची बिमारी होय. मंडईत समजलं तं माईक कोन देईन मले? तू आन तुह्या नावानं."

रुख्मानं आणली. सरकारी दवाखान्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवून म्हणाली, माही हाये, कागद हरवला. तिथं दर काही महिन्यांनी रक्त मागायचे. ती दंड पुढे करायची. रक्त तिचं, रिपोर्ट चोख. गोळी चैतरामची, डोस तोच, पन्नासचा. तो सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पन्नीत ती लपवून ठेवायचा आणि सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, इमानानं गिळायचा. नेमात कुठं चूक नव्हती. तरी माणूस पुन्हा मंद होत चालला. यंदा मुलीच्या, रुचिकाच्या, सासरी देवरीला गेला, तर बसमध्ये झोपून थेट छत्तीसगडात उतरला. गल्ली आठवडाभर हसली. रुख्मा हसली नाही. त्याचे पाय दाबले की बोटांचे खड्डे तसेच राहत होते.

पानठेल्यावर कोणी चैतरामला सांगितलं, बायकोच्या थायरॉईडवर दुसऱ्या गोळ्या पण असतात. मग रुख्मानं दवाखान्यात विचारलं. डॉक्टर चेतना ही तरुण पोरगी, बोलायला गोड.

"असतात की, मावशी. एक आहे, जल्दी चढते, जल्दी उतरते, छाती धडधडते. परदेशात डुकराच्या थायरॉईड गाठीची मिळते, त्यात औषध कधी जास्त, कधी कमी. बहुतेकांना हीच साधी गोळी पुरते, फक्त डोस रक्त बघून बरोबर पाहिजे. आणि तुमचं तर एकदम बढिया आहे." तिनं कागद पुन्हा वाचला. "इतकं बढिया, की मला वाटतं तुम्हाला गोळी लागतच नसेल. जुना कागद नाही, लक्षण एक नाही. दोन महिने बंद करून बघू."

आणि तिनं गोळीवर आडवी रेघ मारली.

रुख्मा त्या रेघेकडे बघत राहिली. तिच्या धडधाकट रक्तानं नवऱ्याची गोळी खाल्ली होती.

"बंद नोका करू, मॅडम. मले काई नाई झालं. त्यायले झालं, माह्या मालकाले."

"मग माझ्याकडे दोन वर्षं रक्त कोणाचं येतंय?"

"माहंच. ते खोटं नाई."

डॉक्टर हसली नाही. "उद्या त्यांना घेऊन या," एवढंच म्हणाली.

घरी चैतराम ऐकेना. "बायांच्या लायनीत बसत नाई मी."

मग रुख्मा अंगणात गेली आणि भिंतीवरून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "प्रेमिला, मले थायरॉईड नाई वो. यायले हाये."

प्रेमिलानं तांदळातून मान वर केली नाही. "वैशाखात चादर कोन घेते, दिसत नाई का? आम्ही वाट पाहून राहिलो, तू कवा सांगशीन."

आतून खाट करकरली. चैतराम दारात आला, चौकट धरून. "सगळ्यायले मालूम होतं?"

प्रेमिलानं खडे काढलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. दोन वर्षं साऱ्यांनी मजा घेतली होती, आणि एकानं जरी तोंड उघडलं असतं तर हा माणूस कधीचा दवाखान्यात गेला असता.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसला. या खेपेला कोणी काही विचारलं नाही. रक्तातला आकडा पाहून डॉक्टरनं छातीची सोनोग्राफीही करायला लावली. हृदयाभोवती पाणी धरलं होतं. गोळी वाढवायची, पण चिमटीचिमटीनं, दर दीड महिन्यानं रक्त बघून. मंदावलेल्या हृदयावर एकदम भार टाकला तर ते बंद पडू शकतं. सुरुवातीलाच स्वतःचं रक्त दाखवलं असतं तर एवढं झालं नसतं, हे ती त्याला नाही, रुख्माला बाजूला घेऊन म्हणाली.

"आवाज येईन का?" रुख्मानं विचारलं.

"येईल बहुतेक. या मंडईला नाही."

मंडईला माईक दुसऱ्याच्या हातात गेला. त्याला हरवलेल्या पोरांची वर्णनं जमली नाहीत, एक पोरगी दुपारभर रडत राहिली. चैतराम अंगणात चादर घेऊन भोंगा ऐकत होता.

नवा कागद रुख्मानं दारामागच्या खिळ्याला टांगला आहे. त्यावर नाव चैतरामचं. सकाळी गोळी घेतली की चैतराम कागद उलटा करतो, नाव भिंतीकडे. ती चहा ठेवते, येते आणि कागद सुलटा करते.