भाऊंचा उपास

दानशूर या शब्दात शूर कशाला घातलाय, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या एका दानशूराशी माझा जवळून संबंध आला, तो एका वांग्याला घाबरला होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भडगावला हायस्कूलमध्ये शिक्षिका होते. आमचे हे वरणगावच्या कारखान्यात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. गिरणाकाठच्या ज्या खेड्यांत सातवीपुढे शाळा नव्हती, तिथल्या मुलींसाठी आम्ही चार शिक्षक मिळून एक लहानसं वसतिगृह चालवत होतो. एका व्यापाऱ्याने आपल्या जुन्या घराच्या खोल्या वापरायला दिल्या होत्या. तो भला माणूस वारला आणि त्याच्या मुलांना तिथे दुकानांचे गाळे काढायची घाई झाली. जूनच्या आत जागा सोडा, असा निरोप आला. शाळा आपल्या आवारात कोपरा द्यायला तयार होती, पण त्यावर खोल्या बांधणार कोण? जागा गेली की मुली घरी जाणार, आणि घरी गेलेली मुलगी परत येत नसे. तिची सोयरीक व्हायची. हे आम्हाला माहीत होतं, मुलींना आमच्याहून चांगलं माहीत होतं.

म्हणून मी धुळ्याला गेले. तेलाच्या गिरणीवर गब्बर झालेल्या एका घराण्याने तिथे धर्मादाय प्रतिष्ठान काढलं होतं. त्याचे मुख्य विश्वस्त म्हणजे भाऊ. सगळे त्यांना भाऊच म्हणत, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. कचेरीत मागायला आलोय असं म्हणायची पद्धत नव्हती. "भाऊंच्या भेटीला आलोय" म्हणायचं, आणि मग भाऊंची पूजा, भाऊंचा नाश्ता, भाऊंची वामकुक्षी आटोपेपर्यंत बाकावर बसायचं. समोरच्या भिंतीवर फोटो होते. भाऊ सायकल देताना, भाऊ शिलाई मशीन देताना, भाऊ वह्यांचा गठ्ठा देताना. प्रत्येक फोटोत वस्तू दोघांनी धरलेली आणि भाऊंची पकड जास्त घट्ट. माझ्या शेजारी बसलेले एक मुख्याध्यापक ते फोटो बघून दर वेळी "वा, वा" करायचे, व्यवस्थापकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मला त्यांची कीव यायची नाही, चीड यायची. मग लक्षात यायचं की आपणही इस्त्रीची साडी नेसून त्याच बाकावर बसलोय, आणि ती चीड दुप्पट व्हायची.

बऱ्याच हेलपाट्यांनंतर व्यवस्थापक म्हणाला, "भाऊ स्वतः पाहणीला येतील. बाकी काही करू नका. थंडी पडलीय, भाऊंना भरीत फार आवडतं." त्याने हे कानात सांगावं तसं सांगितलं. पुढे कळलं की थंडीत भाऊंच्या पाहण्या फार वाढत. संस्था म्हणून काही चाललेलं असो नसो, भरीत चांगलं हवं.

तर आम्ही भरिताची तयारी केली. एका पालकाने शेतातली हिरवी, लांबट वांगी आणून दिली. वसतिगृहाच्या मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून अक्कांनी ती भाजली, मुलींनी सोलली, मिरच्या आणि कांद्याची पात घालून लाकडी भांड्यात ठेचली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. अक्का म्हणजे आमच्या स्वयंपाकीण. त्या बौद्ध, मीही बौद्ध. मुली सगळ्या जातींच्या होत्या आणि एका पंगतीला जेवत होत्या. सुरुवातीला दोन-तीन पालकांनी कुरकुर केली होती, पण मुलींची तब्येत सुधारलेली बघून त्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

भाऊ आले. मुलींचे बिछाने पाहिले, नळ सोडून पाहिला, एका मुलीला पाढे म्हणायला लावले. सगळ्याला "छान, छान" म्हणाले. मग पाटावर बसता बसता मला विचारलं, "ताई, माहेर कुठलं तुमचं?" मी गाव सांगितलं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून पत्ता लागत नाही. म्हणून भाऊंनी पुढचा प्रश्न विचारला, "गावात घर कोणत्या बाजूला?" आपल्याकडे हा प्रश्न दिशा कळण्यासाठी कुणी विचारत नाही. मी सरळ सांगितलं, आणि अक्काही आमच्याच बाजूच्या आहेत, हेही न विचारता सांगितलं.

ताटं वाढलेली होती. भाऊ पुरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, विसरलोच. आज माझी चतुर्थी."

व्यवस्थापकाला बिचाऱ्याला भाऊंचं वाक्य नीट ऐकू गेलं नसावं. तो दाराशी कुणाशी तरी बोलत होता. पण भाऊंचा हात ताटावरून मागे गेलेला त्याने पाहिला आणि लगेच म्हणाला, "माझीही एकादशी आहे."

चतुर्थी होऊन गेली होती आणि एकादशी यायची होती. ज्या माणसांच्या घरी पंचांग बघितल्याशिवाय नवी गाडी रस्त्यावर येत नाही, त्यांना खोटं बोलायला एक तिथी ठरवता आली नाही. वाढायला उभी असलेली आठवीतली एक मुलगी खरोखरच कोड्यात पडली. तिने मला विचारलं, "बाई, चतुर्थी नि एकादशी एकच दिनले कशी उनी?" हळू विचारलं, पण खोली लहान होती. मुली फिसकन हसल्या. भाऊ लाल झाले. चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. केळी मात्र घेतली, चांगली फणी उचलून गाडीत ठेवली. केळ्याला साल असते, आमच्या हाताला लागतं ते फेकून देता येतं.

गाडी गेल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "बठ्ठं भरीत राही गयं." ते सगळं मुलींनी दोन वेळा खाल्लं. चव उत्तम होती.

मला वाटलं, विषय संपला. पण नाही, धुळ्याहून बोलावणं आलं. व्यवस्थापक खुशीत होता. भाऊ खोल्या बांधून देणार होते, वर पत्रे नव्हे, स्लॅब. "फक्त स्वयंपाकाला बाई दुसरी बघा," तो म्हणाला. "सर्वांना चालेल अशी."

"मुलींना हीच चालते," मी म्हटलं.

"मुलींचं काय, त्या काही बोलतात का? देणारा कधी आला तर त्याला घोटभर पाणी तरी घेता यावं."

मी म्हटलं, "भाऊंना सांगा, तुमच्या स्लॅबचा आम्हाला उपास आहे." बाकावरची माणसं खाली बघायला लागली. मुख्याध्यापक "वा" म्हणाले नाहीत. एसटीत बसल्यावर मला आपल्या उत्तराचा फार अभिमान वाटला. पारोळा येईपर्यंत तो टिकला.

अक्कांना कुठून तरी कळलंच. त्या म्हणाल्या, "मी घर जास बाई. पोरीस्ले ऱ्हाऊ द्या." मी त्यांच्यावरच खेकसले. भाऊंच्या तोंडावर जो राग काढायचा राहिला होता तो सगळा त्या गरीब बाईवर काढला, आणि त्यांना राहायला लावलं.

उन्हाळ्यात गाळ्यांचं काम सुरू झालं. दुसरी जागा मिळाली नाही. माझं घर दोन खोल्यांचं, सासूबाई आजारी. फार तर दोन मुली मावतील, असं मी शाळेत बोलले. बाकीच्या शिक्षकांच्या घरी तेवढीही सोय नव्हती.

ते मुलींच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून माझं अंगण मी उठायच्या आत झाडलेलं असायचं. पाण्याचे हंडे भरलेले. एक मुलगी सासूबाईंचे पाय चेपायला बसायची, दुसरी माझी चप्पल पुसून ठेवायची. कुणालाही मी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना रागावले, हाकलून दिलं, तर त्या हसून "हो बाई" म्हणाल्या आणि संध्याकाळी पुन्हा आल्या. मी भाऊंना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या होत्या, आणि या पोरींच्या लेखी आता भाऊ मीच होते.

ती आठवीतली मुलगी झाडायला आली नाही. निकालाच्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिली. मागे तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. तिने सरळ विचारलं, "बाई, मना नंबर लागी का?"

दहावीत गेलेल्या दोघींना मी ठेवलं. तिचा नंबर लागला नाही.